टिळकांचा राग आणि लक्ष्मीबाईंचे सोवळे

पवना जिथे मुळेला मिळते, तिथून हाकेच्या अंतरावर आमची सांगवी वसली आहे. कोणे एके काळी हे हवेली तालुक्यातले शेतकऱ्यांचे गाव होते. पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, त्यांच्या पाठोपाठ भोसरीला लहान-मोठी वर्कशॉप उभी राहिली आणि कामगारांना राहायला खोल्या हव्या झाल्या. जुन्या सांगवीच्या पलीकडे नवी सांगवी झाली. गुंठ्या-दोन गुंठ्यांवर घरे उठली. आज एका गल्लीत साताऱ्याचा, लातूरचा, जळगावचा असा सगळा महाराष्ट्र नांदतो. त्यातच अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेली ख्रिस्ती कुटुंबे आहेत. अमेरिकन मराठी मिशनने नगरला 1831 साली काम सुरू केले, त्याच्या पुढच्या पिढ्यांतली ही माणसे. आडनावे आपलीच, भाकरी-ठेचा आपलाच, बोलीचा हेल नगरी. रविवारी सकाळी पांढरेशुभ्र कपडे घालून, हातात बायबल आणि ‘उपासना संगीत’ घेऊन ही मंडळी दापोडी-खडकीच्या दिशेने निघालेली दिसतात. लग्न-बारशाच्या निमित्ताने त्यांच्या देवळात जाऊन बसण्याचा योग मला अनेकदा आला.

त्यांच्या उपासनेतला एक भाग मला नेहमी विचारात पाडतो. सगळे जण एका सुरात कबूल करतात, की विचाराने, बोलण्याने, वागण्याने आपले चुकले आहे. म्हातारी माणसे म्हणतात, शाळकरी पोरे म्हणतात, आणि पाळकही म्हणतात. दर रविवारी. माझ्यासारख्या हिंदू घरात वाढलेल्या माणसाला प्रश्न पडतो, की इतक्या वेळा कबुली दिल्याने दोष झिजतो, की नुसती कबुलीची सवय होते?

हा प्रश्न मी आमच्या आळीतल्या एका गृहस्थांना विचारला होता. मूळचे राहुरीकडचे. उभा जन्म मशीनवर गेला, आता निवृत्त आहेत. एके काळी पगाराचा दिवस म्हणजे त्यांच्या घरात भीतीचा दिवस असे. हे सगळ्या आळीला ठाऊक होते, आणि ते स्वतःही लपवत नाहीत. ते म्हणाले, “साहेब, मी देवळात देवाला वीस वर्षं खरं सांगत होतो. खोटं बोलत होतो ते घरात.”

या एका वाक्यात सगळा विषय आला. दोष देवाला सांगणे सोपे असते, कारण देव उलटून विचारत नाही. ज्याला त्या दोषाची झळ बसली, त्याच्यासमोर तो मांडायचा म्हटले की जीभ जड होते. ख्रिस्ती श्रद्धा या दुसऱ्या कामात माणसाच्या कितपत उपयोगी पडते, हे पाहायचे तर धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांकडे जायची गरज नाही. मराठीत एक घरगुती पुस्तक आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्याचा पहिला भाग 1934 साली आला. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत त्यातला एखादा उतारा वाचला असेल आणि खुसखुशीत विनोदाचे पुस्तक म्हणून ते लक्षात ठेवले असेल. विनोद त्यात आहेच. पण त्या विनोदाखाली दोन माणसांच्या दोन हट्टी दोषांची कहाणी आहे.

पहिला दोष रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातले करजगाव. वडील वामनराव अतिशय तापट. घरावर त्यांची दहशत. आई गेल्यानंतर हा मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि स्वतःच्या हिमतीवर शिकला. बापाच्या ज्या रागाला तो पोरका झाला, तोच राग त्याच्या स्वभावात उतरला होता. 1880 साली लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या. या मुलीच्या वाट्याला जो नवरा आला तो विद्वान, उदार, लहान मुलासारखा निर्मळ. आणि क्षणात भडकणारा. शब्दाला शब्द लागला की टिळक उठून चालू लागत. कुठे गेले, केव्हा येणार, याचा पत्ता नाही. नोकरीत कुणाशी बिनसले की नोकरीवर पाणी. बायकोला शिकवायला बसले तरी त्यांचा धीर सुटे आणि धडा तिथेच मोडे. खिशात पैसा टिकत नसे, कारण वाटेत भेटलेला गरजू त्यांना घरच्या रिकाम्या डब्यांपेक्षा जवळचा वाटे. राग शांत झाला की मात्र माणूस मेणासारखा वितळे.

असा माणूस 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती झाला. त्याआधी रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला होता. तो वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ते प्रवचन सरळ रागावरच बोट ठेवते. हातून खून झाला नाही एवढ्यावर समाधान मानू नका, भावावर मनात धुमसणारा रागही त्याच न्यायात येतो, असा त्याचा आशय आहे. स्वतःच्या रागाशी जन्मभर झगडणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

आता भाविक मंडळींना आवडते तशी गोष्ट पुढे सांगायची, तर बाप्तिस्मा झाला आणि टिळक शांत झाले, असे म्हणायला हवे. लक्ष्मीबाई तसे म्हणत नाहीत. बाप्तिस्म्यानंतरचे टिळकही त्यांच्या पुस्तकात रागावतात, रुसतात, ठरलेले मोडतात, घरात नसलेला पैसा वाटून टाकतात. उलट ज्या पावलाने टिळकांना स्वतःच्या आत शांती मिळाली, त्याच पावलाने त्यांची बायको, लहानग्या दत्तूला कडेवर घेऊन, रस्त्यावर आल्यासारखी झाली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा; लोक येता-जाता बोलणार; माहेरच्यांच्या दयेवर दिवस काढायचे. सुमारे पाच वर्षे हे चालले. श्रद्धेने एका माणसाचे ओझे हलके होते तेव्हा ते कधी कधी दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते, ही गोष्ट भक्तिपर पुस्तकांत सहसा येत नाही. ‘स्मृतिचित्रे’त ती आहे, म्हणून मला ते पुस्तक जास्त विश्वासार्ह वाटते.

मग टिळकांत बदल काय झाला? माझ्या वाचनाप्रमाणे, राग गेला नाही, पण रागाचे समर्थन गेले. ‘मी पुरुष आहे, मी विद्वान आहे, मला राग येणारच’ ही जी त्या काळच्या (आणि आजच्याही) घरांतली बिनबोभाट सोय होती, ती त्यांनी हळूहळू सोडली. आपल्या घरी राहायला येणारी अनाथ पोरे, दुष्काळातून आलेली माणसे, त्यांचे पाळकपण, 1904 नंतरची त्यांची धर्मोपदेशकाची दीक्षा, या सगळ्यांत लक्ष्मीबाई हळूहळू बरोबरीच्या भागीदार झाल्या. त्या टिळकांना उत्तरे देतात, त्यांची फजिती करतात, त्यांना वठणीवर आणतात. आणि टिळक ते चालवून घेतात. दोष लपवायचा नाही असे एकदा ठरले, की घरातल्या माणसांना तो बोलून दाखवायची मुभा मिळते. ही मुभा मला बाप्तिस्म्याच्या पाण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

दुसरा दोष लक्ष्मीबाईंचा स्वतःचा, आणि तो त्यांनी टिळकांच्या दोषापेक्षा जास्त निर्दयपणे लिहिला आहे. सोवळे. नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी त्या जन्मल्या. वडिलांचे सोवळे वेडाच्या काठावरचे. घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, शिवाशिवीच्या धाकाने पोरांनी घरात चोरासारखे वावरायचे. लहानपणी ज्या गोष्टीचा जाच झाला तीच गोष्ट मोठेपणी त्यांच्या अंगी मुरली, हे टिळकांच्या रागासारखेच झाले. नवऱ्याकडे नगरला परतल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. ख्रिस्ती माणसांत राहायचे, पण त्यांच्या हातचे पाणी घ्यायचे नाही! ज्या बायका त्यांना जीव लावत होत्या त्यांचीच सावली टाळायची.

टिळकांनी इथे एक फार शहाणपणाची गोष्ट केली. रागीट माणूस, पण या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. तिचे सोवळे तिला पाळू दिले. पुढे राहुरीला असताना एकदा लक्ष्मीबाई एकट्याच विचार करत बसल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर तिची खूण माणसाच्या शरीरावर दिसली नसती का? विचार करता करता त्यांच्या मनातला गुंता सुटला, आणि त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. धर्म बदलला म्हणून दोष गेला असे झाले नाही. आधी दोषाकडे डोळे उघडून पाहिले, तो हातातून गळून पडला, आणि मग त्यांना वाटले की आपण त्या वाटेवर आधीच चालू लागलो आहोत.

पुढे हेच हात प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या सेवेला लागले. ज्या बाईला पाण्याचा थेंब उडाला तर आंघोळ लागत होती, तिने हे करावे, यावर वेगळे भाष्य नको.

आपल्याकडे काही वाचकांना हे सगळे परके वाटण्याचा संभव आहे. पाप, कबुली, पश्चात्ताप हे शब्द साहेबाच्या गलबतातून उतरले, असा आपला एक समज असतो. तसे काही नाही. सांगवीहून देहू काही लांब नाही. तिथल्या वाण्याने स्वतःला जेवढे फैलावर घेतले तेवढे जगातल्या फार थोड्या संतांनी घेतले असेल. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत, ते उगीच नव्हे. स्वतःचे वाभाडे देवापुढे काढायची भाषा त्यांना आयती मिळाली होती, अभंगात. त्यांनी पुढे ख्रिस्तावरही अभंगच लिहिले. ख्रिस्ती परंपरेने त्यात भर घातली ती एवढीच, की दुबळेपणा नाहीसा होण्याची वाट न पाहता कामाला लागायचे. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्या शरीरात रुतलेल्या एका काट्याचा उल्लेख केला आहे. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. तो काटा कोणता, यावर दोन हजार वर्षे वाद चालू आहे. मला तर वाटते पौलाने तो नेमका सांगितला नाही हेच बरे केले. ज्याने त्याने आपापला काटा तिथे ठेवून वाचावे.

आता थोडे माझ्या जुन्या धंद्याकडे वळतो. बँकेत असताना कॅश क्रेडिटच्या खात्यांची माल तपासणी करायला जावे लागे. वर्कशॉपवाला महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देई, आणि त्यात दाखवलेला माल खरोखर गोदामात आहे का, ते आम्ही बघायचे. कागदावर सगळे झकास असायचे. आत गेले की कोपऱ्यात गंजलेले बोल्ट, गिऱ्हाइकाने परत पाठवलेले सुटे भाग, कधीच न खपणारा माल. आणि त्या सगळ्याची किंमत पुरी धरलेली. मालक लबाड असायचा असे नाही. त्यालाच त्या कोपऱ्याकडे बघवत नसे. बँकांचे तरी वेगळे काय होते? न आलेले व्याज उत्पन्नात धरायचे आणि बुडीत कर्ज धडधाकट दाखवायचे, हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. नरसिंहम समितीच्या 1991 च्या अहवालानंतर, 1992 पासून रिझर्व्ह बँकेने नियम घालून दिले, तेव्हा कुठे वाईटाला वाईट म्हणायला सुरुवात झाली. पहिल्या वर्षी अनेक ताळेबंद भयंकर दिसले. बँका तेवढ्याने बुडाल्या नाहीत.

हे आठवायचे कारण असे, की ख्रिस्ती कबुलीची जी एक फांदी पुढे जगभर पसरली, तिने हाच गोदामाचा शब्द उचलला. फ्रँक बुकमन नावाचे एक अमेरिकन धर्मोपदेशक होते. फिलाडेल्फियात गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवीत. पैशांच्या काटकसरीवरून विश्वस्तांशी भांडण झाले, बुकमन राजीनामा देऊन निघून गेले आणि त्या सहा विश्वस्तांचा राग मनात घेऊन हिंडत राहिले. 1908 साली इंग्लंडमधल्या केझिक गावी एका लहानशा प्रार्थनामंदिरात प्रवचन ऐकताना त्यांच्या लक्षात आले, की त्या सहा जणांचे चुकले असेलही. पण सातवा चुकलेला माणूस आपण आहोत. त्यांनी सहा जणांना सहा पत्रे लिहिली. माफी मागितली, त्यांच्या चुकीचा उल्लेखही न करता. सहांपैकी एकाचेही उत्तर आले नाही. तरी पत्रे टपालात पडली तेव्हाच आपण मोकळे झालो, असे ते सांगत.

या बुकमन यांच्या चळवळीला पुढे ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ म्हणू लागले. रोज थोडा वेळ शांत बसून स्वतःची झडती घ्यायची, सापडले ते दुसऱ्या माणसाला सांगायचे, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करायची. याच मंडळींत बिल विल्सन नावाचा, दारूने उद्ध्वस्त झालेला शेअर बाजारातला माणूस आला. त्याने आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ सुरू केले. त्यांच्या बारा पायऱ्यांतली चौथी पायरी म्हणजे स्वतःच्या मालाची मोजदाद. जो दुकानदार मोजदाद करत नाही त्याचे दिवाळे निघते, हे विल्सनने शेअर बाजारात पाहिलेलेच होते. पाचवी पायरी, ती मोजदाद देवाबरोबरच एका जिवंत माणसाला वाचून दाखवायची. आठवी-नववी, ज्यांना दुखावले त्यांची यादी करून भरपाई करायची. मात्र त्याने त्यांना आणखी इजा होणार असेल तर नाही. देव कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावे, असे म्हणून त्यांनी दार सगळ्यांना उघडले. 1957 साली हे काम मुंबईत पोचले. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगण’ 1986 पासून व्यसनमुक्तीचे काम करते आहे. बुकमन यांच्याच चळवळीची दुसरी फांदी पाचगणीला आहे. 1968 साली तिथे ‘एशिया प्लॅटो’ केंद्र उभे राहिले. कारखान्यांतले कामगार आणि साहेब तिथे एका पंगतीत बसून आपापली झडती घेत आले आहेत.

आमच्या आळीतले ते गृहस्थ अशाच एका बैठकीला जाऊ लागले. देऊळ सोडले नाही, बैठक वाढवली. एका रविवारी दुपारी त्यांनी बायकोला आणि दोन्ही मुलांना समोर बसवून, वहीत लिहिलेले वाचून दाखवले. कुणाची फी दारूत गेली, कोणत्या दिवाळीला काय मोडले, सगळे. वहिनींना मी विचारले, तुम्हाला त्या वेळी काय वाटले? त्या म्हणाल्या, “मला राग आला. ह्यांना सगळं आठवत होतं म्हणजे!”

मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. आपल्याकडे, कुठल्याही धर्मात, नवरा डोळ्यांत पाणी आणून ‘चुकलो’ म्हणाला की बायकोने तत्क्षणी माफ करावे अशी अपेक्षा असते. तिने वेळ मागितला तर तीच कठोर ठरते. हे अन्यायाचे आहे. कबुली हे देणेकऱ्याने दिलेले कागदपत्र आहे; त्याने कर्ज फिटत नाही, कर्ज आहे हे ठरते. फेड पुढे हप्त्याहप्त्याने व्हायची असते, आणि सूट द्यायची की नाही हे घेणेकऱ्याने ठरवायचे. वहिनींनी आपला वेळ घेतला. किती, ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

केवळ धर्मात दाखल होणे आणि स्वतःच्या आत उतरणे यांतला फरक पंडिता रमाबाईंइतका स्वच्छपणे मराठी माणसांत कुणी सांगितला नसेल. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावला हजारो निराधार बायका-मुलींना आसरा देणारी ही बाई. तिने आपल्या निवेदनात लिहून ठेवले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. ज्यांनी तिच्या धर्मांतरावर टीका केली आणि ज्यांनी आनंदोत्सव केला, दोघांचीही या कबुलीने पंचाईत झाली असणार. पण तिला दोघांचीही पर्वा नव्हती.

टिळकांचे शेवटचे पर्वही त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. 1917 साली त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा. पुन्हा एकदा नोकरी सोडलेली, पुन्हा घरखर्चाची ओढाताण. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते वारले. हाती घेतलेले अनेक बेत अर्धवट राहिले, त्यांत ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही होते. त्याचे पहिले काही अध्यायच लिहून झाले होते. ज्या बायकोला शिकवताना त्यांचा धीर सुटत असे, जिला जोडाक्षरे लिहिताना अडखळायला होई, तिने वैधव्यात ते हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’ 1938 साली छापून आले.